सर्पदंश, ‘अज्ञात दंश’ आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली रात्र (चर्चेचा धागा)

पाणंद (शनिवार, रात्री ९:१०)

वैद्यकीय अधिकारी म्हणून मी सरकारी नोकरीत २६ वर्षे काढली आणि त्यातली बहुतेक कोकणातल्या व घाटमाथ्यावरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गेली. आरोग्यधोरणाची चर्चा सुरू झाली की ती लगेच मोठ्या रुग्णालयांकडे, विमा योजनांकडे किंवा अंदाजपत्रकातल्या टक्क्यांकडे वळते. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु धोरण नेमके कुठे फसते हे मला सर्वांत स्पष्टपणे सर्पदंशाने दाखवले, म्हणून त्याच्यापुरतेच लिहिते.

श्रावणातली एक पहाट आहे. पाचच्या सुमारास एका गृहस्थांनी आपल्या आठ वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून केंद्रात आणले. पोटात दुखते आहे आणि दोनदा उलटी झाली, एवढीच तक्रार होती. मुलाने रात्री काय खाल्ले हे विचारण्याआधी मी तो कुठे झोपला होता हे विचारले, कारण आमच्या एका जुन्या परिचारिकाबाईंनी मला ती सवय लावली होती. मूल जमिनीवर गोधडी अंथरून झोपले होते. ‘डोळे उघडून वर बघ’ म्हटल्यावर त्याच्या पापण्या अर्ध्यावरच थांबल्या. हे मण्यार या सापाच्या विषाचे लक्षण. मण्यार चावली की बहुधा दुखत नाही, सूज येत नाही, आणि खूण डासाच्या चाव्याएवढीच असते. ती आम्हाला शोधूनही सापडली नाही. प्रतिविषाच्या दहा कुप्या लावल्या, श्वास मंदावू लागला तेव्हा अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी, हातात घेतली, आणि जिल्हा रुग्णालयापर्यंत जीपमध्ये परिचारिका व मी आळीपाळीने ती दाबत गेलो. मुलगा वाचला. त्याच आठवड्यात शेजारच्या टापूतली एक बाई अगदी हीच तक्रार घेऊन दुसरीकडे गेली होती. तिला आम्लपित्ताचे इंजेक्शन देऊन घरी पाठवले गेले आणि दुपारपर्यंत ती वारली. तिच्या मृत्यूची नोंद ‘हृदयक्रिया बंद पडून’ अशी झाली.

माझा मुद्दा त्या नोंदीपासून सुरू होतो. देशात सर्पदंशाने किती माणसे मरतात याचे सरकारी रुग्णालयांतून जमा होणारे वार्षिक आकडे कित्येक वर्षे दोन हजारांच्याही खाली असत. २००१ ते २००३ मधल्या मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी करणारे ‘मिलियन डेथ स्टडी’ हे सर्वेक्षण झाले आणि त्यावरून २००५ या वर्षासाठी सुमारे ४६ हजार मृत्यूंचा अंदाज २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०२० मधल्या अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत मिळून १२ लाख, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यूंचा अंदाज मांडला. यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतात. पहिल्या अभ्यासात तीन चतुर्थांशांहून अधिक माणसे कोणत्याही दवाखान्याबाहेर मेलेली आढळली. जो दवाखान्यात पोचलाच नाही तो दवाखान्याच्या आकड्यात कसा येणार, इतकी ही साधी गोष्ट आहे. १८६९ या एका वर्षासाठी जोसेफ फेअरर या इंग्रज डॉक्टराने हिंदुस्थानच्या जेमतेम निम्म्या भागातून ११,४१६ मृत्यूंची मोजदाद केली होती. तेव्हाच्या सरकारी नोंदींतून गोळा केलेला तो आकडा शंभराहून अधिक वर्षांनी स्वतंत्र भारताच्या अधिकृत आकड्यापेक्षा सत्याच्या अधिक जवळ होता, याची मला कार्यालयातल्या बैठकांत फार लाज वाटत असे.

आकडा कमी असला तर काय बिघडते, असे एका वरिष्ठांनी मला विचारले होते. बिघडते ते असे. केंद्राला प्रतिविषाच्या किती कुप्या मिळायच्या हे गेल्या वर्षी किती वापरल्या त्यावरून ठरते. गेल्या वर्षी कमी होत्या म्हणून रुग्ण पुढे पाठवले, पुढे पाठवले म्हणून वापर कमी दिसला, आणि वापर कमी दिसला म्हणून यंदाही कमीच आल्या. एका गंभीर रुग्णाला सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या लागतात, आणि मूल लहान असले म्हणून मात्रा कमी होत नाही, कारण सापाने विष काही वजन पाहून सोडलेले नसते. ज्या केंद्रात पाच कुप्या आहेत त्या केंद्रात प्रतिविष नाही असेच समजावे.

औषधाशिवाय भीती ही आणखी एक अडचण आहे. प्रतिविष घोड्याच्या रक्तातून बनवतात, त्यामुळे काही रुग्णांना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते. अंगावर गांधी उठतात, रक्तदाब कोसळतो. त्यावर अॅड्रेनलिन हे स्वस्त आणि जुने औषध आहे आणि ते प्रत्येक केंद्रात असते. तरीही रात्री एकटा असलेला तरुण डॉक्टर, दारात जमलेली पन्नास माणसे आणि ‘इंजेक्शन दिल्यावर मेला’ हे उद्याचे संभाव्य वाक्य, हे सारे डोळ्यांसमोर आणले की तो चिठ्ठी लिहून रुग्ण पुढे पाठवतो. मी त्याला दोष देत नाही. पहिल्या दोन वर्षांत मीही तसेच केले आहे. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदा आहे, पण रात्री अडीच वाजता कायदा दाराशी उभा नसतो.

केंद्र सरकारने उपचारांची राष्ट्रीय नियमावली २००९ मध्ये काढली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत वरचे स्थान दिले, मार्च २०२४ मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय कृती आराखडा आला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी असे केंद्राने राज्यांना कळवले. कर्नाटकाने ते आधीच केले होते. २०३० पर्यंत मृत्यू निम्मे करायचे ठरले आहे. ज्या मृत्यूंची गणतीच झाली नाही त्यांचे निम्मे किती, हे मात्र कुणी सांगू शकत नाही.

ज्यांच्या गावात या संदर्भात काही घडले आहे त्यांनी लिहावे. साप कसा ओळखावा, कोणता साप किती लांब असतो, यावर कृपया धागा वाहू देऊ नये.

शेतशिवार (शनिवार, रात्री १०:३५)

ताई, तुम्ही दवाखान्याच्या दारापासून सुरुवात केलीत. मी त्याच्या अलीकडून सांगतो. माझी सहा एकर जमीन सोलापूर जिल्ह्यात आहे, त्यात ऊस आणि कांदा असतो. आमच्या शेतीपंपांची वीज पाळीने येते, एक आठवडा दिवसा आठ तास आणि दुसरा आठवडा रात्री दहा तास. रात्रीची पाळी आली की बाराला मोटार चालू करायची आणि उजाडेपर्यंत दारे धरायची, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचे. एका हातात फावडे असते, दुसऱ्या हाताने बॅटरी धरायची, आणि पाण्याचा दंड फुटला की बॅटरी तोंडात धरून दोन्ही हात चिखलात घालायचे. पाणी शिरले की उंदीर बिळातून बाहेर पडतात आणि त्यांच्यामागे घोणस असते. हे सगळे आम्हाला ठाऊक आहे. ठाऊक असून जावे लागते.

पावसाळ्याआधी दरवर्षी जनजागृतीचे फलक लागतात. त्यावर ‘गुडघ्यापर्यंत बूट घाला’ असे लिहिलेले असते. ज्याने हे लिहिले त्याने ते बूट घालून चिकणमातीच्या रानात एकदा वाफा भरून पाहावा. बूट चिखलात राहतो आणि पाय बाहेर येतो. उसात खुरपायला बसणाऱ्या बायकांना तर ते घालून उकिडवे बसताच येत नाही. आम्हाला बुटापेक्षा दिवसाच्या विजेने अधिक वाचवले असते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला, आणि ज्या गावांच्या वीजवाहिनीवर (फीडरवर) ती आली तिथले लोक रात्रीचे रानात जायचे थांबले. माझ्या बहिणीच्या गावात ती आली आहे. तिथे सर्पदंश किती कमी झाले हे आरोग्य खात्याला ठाऊक असेल असे मला वाटत नाही, कारण ती योजना ऊर्जा खात्याची आहे.

दुसरी गोष्ट मोबदल्याची. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची शेतकरी अपघात योजना आहे, तिच्यात सर्पदंशाने मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. पण त्यासाठी नाव सातबाऱ्यावर लागते, किंवा फार तर त्या कुटुंबातली एक व्यक्ती चालते. माझ्या रानात ऊस तोडणाऱ्या जोडप्यापैकी कुणाला पान लागले तर त्यांच्या नावावर सातबाराही नाही आणि गावात रेशनकार्डही नाही. आमच्या भागात साप चावला असे कुणी म्हणत नाही, ‘पान लागले’ म्हणतात, कारण रात्री सापाचे नाव घेऊ नये. दवाखान्यातला नवा मुलगा एकदा विचारत होता की कुठल्या झाडाचे पान लागले.

दुपारसावली (रविवार, सकाळी ८:२०)

दोघांचेही लेखन मनापासून आवडले, तरीही एक शंका मांडते. मधुमेह, उच्च रक्तदाब, क्षयरोग आणि तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग यांनी मरणाऱ्यांची संख्या सर्पदंशाच्या कित्येक पट आहे. पैसा मर्यादित असताना आरोग्यधोरणाने आधी त्यांच्याकडे पाहू नये का? शिवाय या प्रश्नाचा मोठा भाग अंधश्रद्धेचा आहे असे मला वाटते. महाराष्ट्राने २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा केला. साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर कुठे तो कायदा झाला, इतकी किंमत आपण त्यासाठी मोजली. तरी लोक आधी भगताकडेच जात असतील तर दोष धोरणाचा म्हणायचा की समाजाचा?

पाणंद (रविवार, सकाळी ११:४५)

दुपारसावली, तुमच्या शंकेचा पहिला भाग रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी विंचवाच्या आधारे देईन. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, फुप्फुसात पाणी भरून मरत असत. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. त्यांनी रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून निरीक्षणे नोंदवली आणि रक्तदाबावर वापरली जाणारी प्राझोसिन नावाची स्वस्त गोळी यावर चालते हे दाखवून दिले. सुमारे चाळीस टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. हे शोधण्यासाठी अतिदक्षता विभाग लागला नाही. डॉक्टर रात्री केंद्रात हजर असणे, त्याने लिहून ठेवणे आणि औषध हाताशी असणे, एवढ्यावर ते झाले. मधुमेहाच्या आणि क्षयरोगाच्या रुग्णालाही याच तीन गोष्टी लागतात. ज्या केंद्रात मण्यारीचा रुग्ण वाचतो त्या केंद्रात बाळंतिणीचा रक्तस्रावही थांबवता येतो, म्हणून सर्पदंशावरचा खर्च इतर आजारांच्या ताटातून काढलेला घास ठरत नाही.

दुसऱ्या भागाशी मी सहमत नाही. कायदा योग्य आहे आणि तो हवाच. परंतु मी ज्या पाड्यांवर काम केले तिथे भगत रात्री घरी असतो, हाक मारल्यावर उठतो, रुग्णाला हात लावतो आणि पहाटेपर्यंत शेजारी बसतो. आमचे केंद्र तिथून १४ किलोमीटरवर होते आणि त्यातले पाच किलोमीटर पायवाट होती. त्यात डॉक्टर नसेल, असला तर औषध नसेल, आणि दोन्ही असले तरी पुढची चिठ्ठी मिळेल, हे त्या लोकांनी अनुभवाने शिकलेले होते. अशा वेळी भगताकडे जाणे हे अज्ञानापेक्षा हिशेबाच्या अधिक जवळचे असते. त्यातही बहुतेक दंश बिनविषारी सापांचे असतात आणि विषारी साप चावूनही पुष्कळदा विष सोडत नाही, त्यामुळे भगताच्या हाताखाली बरे झालेले दहा लोक गावात हिंडताना दिसतात. मेलेला एक ‘फार उशीर झाला होता’ म्हणून विसरला जातो. डहाणू तालुक्यात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मुंबईतल्या संस्थेने भगतांनाच बोलावून शिकवले, रुग्ण आला की पापण्या पाहा आणि लगेच गाडीत घाला, असे सांगितले, आणि त्याच वेळी तिथल्या डॉक्टरांनाही प्रशिक्षण दिले. मला हा रस्ता खटल्यापेक्षा जवळचा वाटतो. मात्र रुग्णाला जाणूनबुजून अडवून पैसे उकळणारेही मी पाहिले आहेत, त्यांना कायदा लावलाच पाहिजे.

शेतशिवार, ऊर्जा खात्याच्या योजनेचा आरोग्याला झालेला फायदा आरोग्य खात्याला ठाऊक नसणे, हे तुमचे निरीक्षण मी लिहून ठेवले आहे. २६ वर्षांत एकाही बैठकीत आमच्या शेजारी वीज मंडळाचा माणूस बसलेला मला आठवत नाही.

तिठा (रविवार, दुपारी ३:०५)

मी गेली अकरा वर्षे परिचारिका आहे, सध्या एका ग्रामीण रुग्णालयात. ओळख उघड होऊ नये म्हणून जिल्हा सांगत नाही. डॉक्टरताईंनी न लिहिलेल्या दोन बारीक गोष्टी सांगते, कारण माणूस बऱ्याचदा त्या बारीक गोष्टींतच अडकतो.

घोणस किंवा फुरसे चावले की रक्त गोठायचे थांबते. ते ओळखण्यासाठी वीस मिनिटांची चाचणी असते. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी एकदा तिरपी करून पाहायची. रक्त ओघळले तर विष चढले आहे. यंत्र नको, वीज नको, तंत्रज्ञही नको. पण नळी काचेचीच हवी, कारण काचेला लागून रक्त गोठायला सुरुवात होते आणि प्लास्टिकमध्ये तसे होत नाही. आमच्याकडे पुरवठ्यात आता प्लास्टिकच्याच नळ्या येतात. काचेच्या नळ्यांची मागणी मी तीन वेळा केली, तिन्ही वेळा ‘सदर बाब दरकरारात नाही’ असे उत्तर आले. शेवटी एका शाळेच्या प्रयोगशाळेतून बारा नळ्या मागून आणल्या आणि धुऊन वाळवून वापरते. त्या साबणाने धुतल्या तरी चाचणी चुकते, म्हणून तेही नव्या मुलींना शिकवावे लागते.

दुसरी गोष्ट शीतपेटीची. द्रवरूप प्रतिविष दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते, भुकटीच्या रूपातले मात्र बाहेर राहू शकते. ज्या उपकेंद्रात दिवसातून सहा तास वीज जाते तिथे कोणते पाठवायचे, हे ठरवायला कुठल्या समितीची गरज आहे हे मला समजत नाही.

नोंदवही (रविवार, सायंकाळी ७:५०)

मृत्यूच्या नोंदीशी माझा कामानिमित्त संबंध येतो, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. दवाखान्यात मृत्यू झाला तर डॉक्टर नमुना ४ मध्ये कारण लिहितात. घरी मृत्यू झाला आणि शेवटच्या आजारात डॉक्टर पाहत असेल तर नमुना ४-अ भरला जातो. पण खेड्यात घरी मेलेल्या माणसाला बहुधा कुणी डॉक्टर पाहत नसतो. ग्रामसेवक घरच्यांना विचारतो आणि ते सांगतील ते लिहितो. मृत्यूची नोंद होते, वारसनोंदीला लागणारा दाखलाही मिळतो, परंतु कारणाच्या रकान्याला वैद्यकीय अर्थ उरत नाही.

सर्पदंशात घरचे लोक कारण मुद्दाम लपवतात, असेही मी पाहिले आहे. साप चावून मेला असे सांगितले की अनैसर्गिक मृत्यू म्हणून पोलीस येणार, पंचनामा होणार, शवविच्छेदनासाठी प्रेत तालुक्याला न्यावे लागणार, त्यासाठी गाडी कुटुंबानेच करायची आणि प्रेत दुसऱ्या दिवशी मिळणार. पावसात, घरात लहान मुले असताना, हे कोण ओढवून घेईल? ज्यांना अपघात योजनेचे पैसे मिळणार असतात ते हे सोसतात. ज्यांना काहीच मिळणार नसते ते ‘झोपेतच गेला’ म्हणतात आणि दुपारपर्यंत सरण पेटते. म्हणजे शेतशिवार यांनी सांगितलेला सातबाऱ्याचा प्रश्न हा मोजणीचाही प्रश्न आहे. भूमिहीनाला मोबदला नाही, म्हणून कागद नाही, म्हणून आकडा नाही. ओडिशाने सर्पदंशाला राज्याची आपत्ती ठरवून चार लाख रुपये देऊ केले, त्यानंतर तिथे लोक नोंद करायला पुढे येऊ लागले. नोंद बंधनकारक करण्याचा आदेश दवाखान्यांना बांधील. घरच्या अंगणातल्या मृत्यूला तो कसा लागू करणार?

युकॅलिप्टस (रविवार, रात्री ११:३०)

मी मूळची साताऱ्याची, आता क्वीन्सलंडमध्ये राहते. ऑस्ट्रेलियात जगातले काही अत्यंत विषारी साप आहेत, तरी इथे सर्पदंशाने वर्षाला सरासरी दोनच मृत्यू होतात. दुर्गम भागातल्या रुग्णांसाठी १९२८ पासून विमानाने जाणारी डॉक्टरांची सेवा आहे. शाळेत मुलांना चावलेल्या हातापायाला लांब पट्टी घट्ट गुंडाळून, काठी बांधून तो हलू न देण्याची पद्धत शिकवतात. ही पट्टी आपल्याकडे का शिकवत नाहीत?

पाणंद (सोमवार, सकाळी ७:१५)

युकॅलिप्टस, ती पट्टी आपल्याकडे जशीच्या तशी आणू नये. तुमच्याकडच्या सापांच्या विषाने चावल्या जागेचे मांस सहसा कुजत नाही. आपल्याकडे घोणस आणि फुरसे यांचे दंश फार, आणि त्यांचे विष जागेवरचे मांस कुजवते. तिथे घट्ट पट्टी बांधून विष कोंडले की पाय गमावण्याची वेळ येते, म्हणून आपली नियमावली हात किंवा पाय हलू न देण्यापुरतेच सांगते. दोरी करकचून बांधून आणलेले काळेनिळे पाय मी इतके पाहिले आहेत की ‘बांधा’ हा शब्द फलकावर कुठेही नसावा असे मला वाटते. प्रतिविषाचीही हीच गोष्ट आहे. देशातल्या बहुतेक उत्पादकांना विष पुरवते ती १९७८ साली स्थापन झालेली इरुळ आदिवासींची सहकारी संस्था तमिळनाडूत, चेन्नईजवळ आहे. सापाचे विष मात्र प्रदेशागणिक बदलते, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कार्तिक सुनगर यांच्या गटाने वारंवार दाखवले आहे. तिकडच्या विषावर बनलेले औषध इकडे कमी पडू शकते आणि घाटातल्या चापडा या सापाविरुद्ध तर ते चालतच नाही. प्रतिविषासाठी ओळखली जाणारी परळची हाफकिन संस्था ज्या राज्यात आहे, त्या महाराष्ट्राने आपल्या भागातल्या सापांचे विष वेगळे जमवण्याची व्यवस्था उभी करायला हरकत नसावी.

विमानाची उणीव मात्र आपण मोटारसायकलने भरून काढू शकतो. नेपाळच्या तराईत दमक गावाच्या परिसरात डॉ. संजीव शर्मा आणि सहकाऱ्यांनी गावोगावी स्वयंसेवक नेमले. दंश झाला की मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये रुग्णाला बसवून थेट उपचारकेंद्रात न्यायचे, एवढेच काम. मृत्यूचे प्रमाण साडेदहा टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आले. तिथल्याच एका अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना दंश कमी होतात असेही आढळले. आपल्याकडे १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून आहे आणि तिने पुष्कळ जीव वाचवले, परंतु ती पायवाटेवर येत नाही. मोटारसायकल प्रत्येक पाड्यावर आता आहे. कुणाची, रात्री किल्ली कुठे टांगलेली असते आणि पेट्रोलचे पैसे कोण देईल, हे ग्रामसभेत पावसाआधी ठरवता येते.

शेतशिवार (पुढच्या शनिवारी, रात्री ८:४०)

ताईंचे आणि तिठा यांचे लिहिणे वाचून मी मंगळवारी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. ग्रामपंचायतीचा सदस्य असल्याने मला विचारण्याचा अधिकार आहे आणि तिथले डॉक्टर भले आहेत, त्यांनी काही लपवले नाही. प्रतिविषाच्या २२ कुप्या आहेत, मुदत पुढच्या वर्षाची आहे. काचेच्या नळ्या नाहीत, त्या मी बार्शीहून आणून देईन. रात्री डॉक्टर मुख्यालयी राहत नाहीत, कारण निवासस्थानाचे छत गळते आणि दुरुस्तीचा प्रस्ताव दोन वर्षे जिल्हा परिषदेत आहे. तो कागद मी मिळवला आहे.

त्यानंतर मी बाह्यरुग्ण विभागाची वही मागितली आणि गेल्या पावसाळ्याच्या चार महिन्यांची पाने चाळली. ‘सर्पदंश’ अशा नोंदी तीन होत्या. ‘अज्ञात दंश’ अशा नोंदी १९ होत्या. मी डॉक्टरांना विचारले, तर ते म्हणाले की रुग्णाने साप पाहिला नसेल तर असेच लिहायची पद्धत आहे. त्या १९ मधली चार नावे माझ्या ओळखीची निघाली. तिघे बरे आहेत, रात्रीच्या पाळीला दारे धरताना भेटतात. चौथे नाव आमच्या गावच्या भानुदासतात्यांच्या सुनेचे होते. तिच्या नावापुढे ‘पुढे पाठविले’ असे लिहिले आहे आणि त्यापुढचा रकाना कोरा आहे. ती सोलापूरच्या वाटेवरच गेली, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. मी तिथे उभ्या उभ्या डॉक्टरांना तारीख सांगितली आणि त्यांनी माझ्यासमोर तो रकाना भरला.

सोमवारी ग्रामसभा आहे. मोटारसायकलींची यादी मी करतो आहे, आतापर्यंत नऊ झाल्या.